तौसीफचं एवढं कौतुक

३० सप्टेंबर

आज दुपारी शेठनं सगळी कामं थांबवली आणि आम्हा सगळ्यांना शेडमध्ये उभं केलं. दस्तगीरशेठ कधी भाषण करत नाहीत. त्यांना ट्रॅक्टर बोलता करता येतो, माणसांपुढं तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. तरी आज बोलले. म्हणाले, आपला आधीचा हेड मिस्त्री तौसीफ उद्यापासून कामावर येतोय. बकरी ईदनंतर तो घरी बसला तेव्हा त्याला कावीळ झालीय असं आपण सांगितलं होतं, ते खोटं होतं. त्याला डिप्रेशन आलं होतं. बीडच्या डॉक्टरकडं उपचार चालू आहेत, गोळ्या चालू आहेत.

"कावीळ सांगितली ती मला लाज वाटली म्हणून," शेठ म्हणाले. "त्याला लाज वाटायचं काही कारण न्हवतं. हितून पुढं ह्या शेडमध्ये कुणी कुणाला येडा म्हणायचं न्हाई. आन् कुणाला काय व्हायलं तर माझ्याकडं या."

वेल्डिंगवाला राम हसला. शेठनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, तसा तो पान्हे पुसायला लागला.

मी ह्या वर्कशॉपला लागलो तेव्हा हायवे दोन पदरी होता. एवढ्या वर्षांत शेठनं माझ्यासाठी काम थांबवून कुणाला उभं केलेलं मला आठवत नाही. आषाढात बाप गेला. गावी घाटनांदूरला जाऊन राख सावडली आणि कामावर आलो, कारण तौसीफ घरी आणि हेड मिस्त्रीचं काम माझ्या अंगावर. तेव्हा शेठ म्हणाले होते, "शिवशंकर लई पक्का माणूस हाय." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. पक्क्या माणसासाठी कुणी शेड थांबवत नाही, हे आज कळलं.

हे कुणाजवळ बोलायचं? बोललो तर लोक म्हणतील, आजारी माणसावर जळतोय. म्हणून टायरवाल्यानं वाटलेल्या डायरीत लिहितोय.

१ ऑक्टोबर

आला. गालफडं बसलीत, दाढी वाढलीय. आधी शेडमध्ये शिरला की शिट्टी घालायचा, आज सगळ्यांना सलाम करत आला. माझ्यापुढं येऊन म्हणाला, "शिवशंकरभाऊ, आता तुमच्या हाताखाली. सांगा काय करू."

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मी त्याच्या हाताखाली होतो. वयानं मी मोठा, पण इंजिनात त्याचा हात. तो हे टोमणा मारून बोलला का मनापासून, ते काही कळलं नाही. मी म्हणालो, फिल्टर बदल.

शेठनं त्याला कामाची वेळ कमी ठेवलीय. उशिरा यायचं, चार वाजता जायचं, हार्वेस्टरला हात लावायचा नाही. थकला की बसायला काउंटरजवळ पंख्याखाली एक खुर्ची ठेवलीय. माझी कंबर गेल्या वर्षापासून धरलेली आहे. मी रोज उलटा डबा घेऊन त्याच्यावर बसतो.

४ ऑक्टोबर

पार्टच्या काउंटरवरची उज्ज्वला रोज दुपारी त्याला विचारते, "तौसीफभाई, जेवलात का?" जेवला नसेल तर पुढ्यात बसून जेवायला लावते. आज मी डबा तसाच परत नेला. पित्त झालंय, अन्नाचा वास नको वाटतो. माझ्या डब्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

घरी बायकोनं, वनमालानं विचारलं डबा का परत आणला. मी म्हणालो, तुला काय करायचंय. तिनं भाकरी कुत्र्याला घातली. मग मला त्याचाही राग आला.

९ ऑक्टोबर

शेठनं बीडहून एक डॉक्टर मॅडम आणल्या. वर्कशॉप अर्धा दिवस बंद. दसऱ्याच्या तोंडावर, पेरणीचे ट्रॅक्टर रांगेत उभे असताना. मॅडम तरुण आहेत, पण समजावून सांगतात चांगलं. म्हणाल्या, हा आजार पटकन ओळखू येत नाही. झोप लागत नाही किंवा लागली तर पहाटेच मोडते. भूक मरते. बारीकसारीक गोष्टींवर संताप येतो. विसर पडतो. छातीत धडधडतं आणि तपासलं तर काही सापडत नाही. पुरुष माणूस रडत नाही, तो चिडतो, म्हणून घरच्यांना वाटतं स्वभावच बिघडला.

मी सगळा वेळ तौसीफकडं बघत होतो. एकेक गोष्ट त्यालाच लागू पडत होती. खाली मान घालून बसला होता बिचारा. बिचारा लिहिलं खरं, पण वाटलं दुसरंच. एवढी शिकलेली बाई गाडी करून येते आणि तासभर ह्याच्याच दुखण्यावर बोलते.

मग शेठनं जाहीर केलं की असल्या डॉक्टरकडं जायचं असेल तर त्या दिवसाचा पगार कापणार नाही आणि कुणी कारण विचारणार नाही. झालं. धडधाकट माणसाचं मरणच आहे.

काल रामला मी पान्हा फेकून मारला, ते वेगळं. त्यानं नट उलटा आवळला होता. लागला नाही त्याला.

१२ ऑक्टोबर, दसरा

हत्यारांची पूजा मी केली, नारळ मी फोडला. शेठनं सगळ्यांना नवे ड्रेस वाटले. पहिला तौसीफला.

१७ ऑक्टोबर

आज सुंदरराव आले होते. ऊस तोडायचे चार हार्वेस्टर, त्यातले दोन पोरांच्या नावावर. तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. साखर कारखाने सुरू व्हायच्या आत मशिनी तयार करून पाहिजेत. शेठ जालन्याला माल आणायला गेले होते, म्हणून चहा मीच पाजला. सुंदररावांना शेडमध्ये तौसीफ दिसला. ते म्हणाले, आला का हा, कावीळ फार दिवस चालली म्हणायची.

मी म्हणालो, कावीळ नव्हती साहेब.

एवढंच बोलून थांबता आलं असतं. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. बऱ्याच दिवसांत कुणी माझं बोलणं एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा ते, त्याची बायको खुशनुमा शेठकडं येऊन रडली ते, आणि गोळ्या.

"म्हंजे येड्याच्या हातात माझी मशीन देताव का तुमी?" सुंदरराव म्हणाले.

मी म्हणालो, न्हाई, हार्वेस्टर मीच बघतो. पण ते उठले होते.

खोटं तर काही बोललो नाही. शेठनं स्वतः सगळ्यांसमोर सांगितलेलंच सांगितलं.

१९ ऑक्टोबर

सुंदरराव आज पुन्हा आले. उभ्या उभ्याच बोलले. ह्या माणसाला काढा, नाही तर माझ्या चारही मशिनी दुसरीकडं जातील. सगळी शेड ऐकत होती. तौसीफ एका ट्रॅक्टरखाली होता. त्याचे पाय तेवढे दिसत होते आणि ते हलत नव्हते.

मला वाटलं शेठ हात जोडतील. ह्या चार मशिनींवर आमचा हिवाळा चालतो. शेठनं खिशातून शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"सुंदररावसाहेब, ह्या गोळ्या मी रोज खातो. तुमच्यासमोर खाल्ल्यात. तवा तुमी म्हणला न्हाईत की दस्तगीरला काढा. त्याचं काम खराब असलं तर दाखवा, मी सोता पाय धरतो. गोळी खातो म्हणून मी माणूस काढणार न्हाई. मशीन न्यायची तर न्या."

सुंदरराव निघून गेले. शेठ खाली बसले आणि गोळ्यांची पट्टी परत खिशात ठेवली. त्यांनी कुणाला विचारलं नाही की सुंदररावांना हे कुणी सांगितलं.

मला लाज वाटायला पाहिजे होती, असं वाचणारा म्हणेल. वाचणारा कुणी नाही, म्हणून खरं लिहितो. मला एवढंच वाटत होतं, हे माझ्यासाठी केलं असतं का शेठनं? घरी येईपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. वनमालाशी ह्यावरून नाही, मिठावरून भांडलो.

२६ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून काढतो.

एका ट्रॅक्टरचं इंजिन बांधून झालं होतं, म्हणून ट्रायलला मी शहागडच्या बाजूला काढला. आवाज ऐकायला तौसीफ शेजारी मडगार्डवर बसला. हायवेला लागलो. पुढं वाळूचा हायवा ट्रक होता, मागून दुसरा आला. एकदम छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. हातांना मुंग्या आल्या. श्वास आत जाईना. कानात नुसता सूं आवाज. मला कळत होतं की पाय ब्रेकवर ठेवायचा आहे, पण पाय माझा राहिला नव्हता. वाटलं, बापासारखंच आपलंही झालं. तो असाच बसल्या जागी गेला होता.

तौसीफनं वरून वाकून स्टेअरिंग धरलं, ट्रॅक्टर कडेला घातला, इंजिन बंद केलं. मग माझ्या समोर येऊन दोन्ही दंड धरले.

"माझ्याकडं बघा भाऊ. मरत न्हाईत तुमी. श्वास सोडा आधी, घेऊ नका, सोडा. हळू. असंच. मला म्हायती हाय हे. जातंय. बघा, जायलंय."

गेलं. किती वेळानं ते सांगता येत नाही. माझा शर्ट घामानं भिजला होता आणि मी त्याचं मनगट एवढं आवळलं होतं की त्यावर माझी बोटं उमटली होती.

त्यानं दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला. पट्टी स्वच्छ. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी आहे? मी म्हणालो, चांगली आहे. तौसीफ शेजारीच उभा होता. त्यानं ईसीजीची पट्टी घडी घालून माझ्या खिशात ठेवली.

पित्तच असणार. चढलं छातीत.

२८ ऑक्टोबर

तौसीफनं शेडमध्ये कुणालाच काही सांगितलं नाही. उशीर का झाला म्हणून शेठनं विचारलं तेव्हा म्हणाला, क्लच अडकला होता.

ह्याचाही मला राग आला. सांगितलं असतं तर माझी नाचक्की झाली असती. नाही सांगितलं तर तो मोठा ठरला. कसाही वागला तरी तोच वर.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्याला गाठलं. आता कावून थांबलास, तुझी वेळ तर चारची, असं विचारलं. तो म्हणाला, तुमच्यासाठीच थांबलाव. आम्ही बोअरच्या हौदावर बसलो. मग तो जे बोलला ते असं.

"सुंदररावला तुमी सांगितलं, मला म्हायती हाय. राग आलता. दोन दिवस जेवलो न्हाई. पण तुमी खोटं न्हाई बोललात. राग दुसऱ्याच गोष्टीचा हाय. शेठनं सगळ्यांना सांगितलं, लई मोठ्या मनानं सांगितलं, पण मला विचारलं न्हवतं. मग तुमी सांगितलं. दुखणं माझं, आन् मी सोडून समदे सांगायलेत. म्हणून परवाचं मी कुणाला बोललो न्हाई. ते तुमचं हाय. तुमीच सांगा, न्हाई तर नका सांगू."

 मला वाटायचं त्याला सगळं मिळालं. खुर्ची, पंखा, डॉक्टर मॅडम, शेठचा शब्द. विचारलं मात्र त्याला कुणीच नव्हतं.

उठताना तो म्हणाला, "झोप येत न्हाई ना तुमाला?"

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

३१ ऑक्टोबर

दिवाळीला लेक मनिषा बीडच्या हॉस्टेलवरून आली. आईला म्हणत होती, अण्णा फोनवर बोलत का नाहीत, माझ्यावर चिडलेत का. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर येऊन नाही म्हणावंसं वाटत होतं, पण उठायचंच होईना. अंगात ताप नाही, दुखत काही नाही, तरी उठायचं होईना.

५ नोव्हेंबर

आज शेठच्या टेबलापुढं जाऊन उभा राहिलो. ते फोनवर होते, हातानं बस म्हणाले. फोन झाल्यावर विचारलं काय काम आहे. मी म्हणालो ऑइल संपत आलंय. ते म्हणाले सांगितलंय. मी तरी बसूनच राहिलो. शेठनं उज्ज्वलाला जेवायला पाठवलं आणि काउंटरचं शटर अर्धं ओढलं.

"बोल," म्हणाले.

"झोप लागत न्हाई शेठ. बाप गेल्यापासून. दिवाळीच्या आधी रोडवर श्वास कोंडला." एवढंच बोलता आलं. पुढचं रडण्यातच गेलं. मिशा असलेला माणूस असा रडतो हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि तो माणूस मी होतो.

शेठनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. मग म्हणाले, बाप गेला तेव्हा मी तुला घरी धाडायला पाहिजे होतं. काम अडलं होतं म्हणून तुला पक्का म्हणालो. मला वाटलं आता खुर्ची आणतील, पंखा लावतील. तसं काही केलं नाही. विचारलं, तुला काय पाहिजे? मला माहीत नव्हतं काय पाहिजे. मी म्हणालो, माझी जागा जाईल का?

"हेड मिस्त्री तूच हाईस. दवाखान्यात जाशील तवा तौसीफ बघंल, तो जाईल तवा तू. आन् हे कुणाला सांगायचं का न्हाई, ते तू ठरव. तौसीफच्या वेळंला मी घाई केली. त्यानं मला परवा ते तोंडावर सांगितलं. बरं केलं."

म्हणजे तौसीफ शेठला तोंडावर बोलू शकतो. मला अजून ते जमत नाही. हे मनात आलं, आणि मनात आलेलं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिलं.

घरी आल्यावर वनमालाला सांगितलं. ती तवा उतरवून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मला कळत होतं. तुमी इचारू देत न्हवतात."

१४ नोव्हेंबर

तौसीफला घेऊन बीडला जाऊन आलो. एकट्यानं जायची छाती झाली नाही. एसटीत त्यानं खिडकी पकडली आणि पाडळसिंगीपर्यंत झोपला. शांत, तोंड उघडं टाकून. माणसाला अशी झोप लागते हे विसरून गेलो होतो. मी त्याच्याकडं बघत बसलो. जिवाची एवढी जळजळ मला त्याच्या पगारावरूनही कधी झाली नव्हती.

दवाखान्यात सिस्टर त्याला नावानं ओळखतात. मला नंबर दिला.

त्याच मॅडम होत्या. त्यांनी मला ओळखलं, म्हणाल्या, तुम्ही त्या दिवशी मागं उभे होतात, एकटक दुसरीकडं बघत. मी म्हणालो, मला वाटलं तुम्ही त्याच्याविषयी बोलताय. त्या हसल्या नाहीत. बाप कसा गेला ते विचारलं, आणि मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. फोन आला तेव्हा मी गिअरबॉक्स उघडून बसलो होतो आणि तो बंद करूनच निघालो, हेसुद्धा.

गोळी दिली आहे. रोज एक. लगेच फरक दिसणार नाही म्हणाल्या, आणि मनानं बंद करायची नाही.

२ डिसेंबर

कारखाने जोरात आहेत आणि आमची शेड अर्धी रिकामी. सुंदररावांच्या मशिनी दुसरीकडं गेल्या त्या गेल्याच. आज दुपारी त्यांचा फोन आला. एका हार्वेस्टरचं हायड्रॉलिक उसाच्या फडातच बसलंय आणि तिकडच्या मिस्त्रीला सापडत नाही. शेठ नमाजला गेले होते. सुंदरराव मला म्हणाले, तू ये, पण त्या येड्याला आणू नको.

तौसीफ समोरच ग्रीस मारत होता. त्याला माझं बोलणं ऐकू येत होतं, सुंदररावांचं नाही.

मी म्हणालो, "साहेब, तो अन् मी एकाच डॉक्टरकडं जाताव. माझीबी गोळी चालू हाय. चालत असंल तर दोघं येताव, न्हाई तर कुणीच न्हाई."

 मग फोन बंद झाला. पुन्हा आला नाही. मशीन फडातच उभी असेल, नाही तर दुसऱ्या कुणी काढली असेल.

 रामनं वेल्डिंग थांबवून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं हसेल. तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "भाऊ, त्या मॅडमचा नंबर हाय का? माझ्या भावजयीचं लई दिवसांपासून असंच चालू हाय." मी दिला.

 तौसीफनं पुढचा नट आवळायला मला हाक मारली, खरं तर तो त्याला एकट्याला आवळता आला असता.

११ जानेवारी

रात्री झोप लागली. सलग नाही, पण लागली. सकाळी वनमालानं दोनदा हाक मारली तेव्हा जाग आली. डबा संपतो. मनिषाला दर रविवारी मीच फोन लावतो. धडधड मधूनच येते, तेव्हा आधी श्वास सोडतो.

आज तौसीफ बीडहून परत आला तो शिट्टी घालतच शेडमध्ये शिरला. मॅडमनी त्याची गोळी अर्धी केली. शेठनं त्याला मिठी मारली, उज्ज्वलानं पेढा दिला. सगळ्यांना सांगू का म्हणून शेठनं ह्या वेळी त्याला आधी विचारलं. तो म्हणाला, मीच सांगतो, आणि सांगितलं.

माझी अजून पूर्णच आहे. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अर्धी व्हायला तू काय केलंस? तो म्हणाला, काही नाही, घेत राहिलो. मी म्हणालो, मी पण घेतोच की.

"तुमी उशिरा सुरू केली भाऊ," तो म्हणाला.

पेढा गोड होता. तरी पोटात जळलंच.